बाळाचा पहिलाच डेंग्यू, तरी इतका जोरात का?

पावसाळा लागला की या पानावर डेंग्यूचे प्रश्न येतातच, पण यावेळच्या पत्रांमध्ये तान्ह्या बाळांबद्दलचे प्रश्न जास्त आहेत आणि बरेचसे एकाच जागी अडकलेत. अंगात अँटीबॉडी, म्हणजे जंतूला चिकटून त्याला अडवणारी शरीराची प्रोटीनं, असणं चांगलं की वाईट? म्हणून या अंकात बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. पत्रं थोडी लहान केलीयेत, नावं छापत नाहीये.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम. माझा मुलगा सात महिन्यांचा आहे, मागच्या महिन्यात त्याला डेंग्यू झाला, आयसीयूत ठेवावं लागलं, आता बरा आहे. मला लग्नाआधी डेंग्यू होऊन गेलाय. सगळे म्हणायचे की आईला झालेला असला की बाळाला प्रोटेक्शन मिळतं, मग ह्याला एवढा त्रास का झाला? सासूबाई म्हणतात तुझ्या दुधातून गेलं असेल. मी अजून अंगावर पाजते, बंद करू का? – एक आई, धायरी

ताई, आधी दुधाचं सांगते कारण पत्र वाचताना तेच सगळ्यात जास्त टोचलं. बंद करू नका. तुमच्या दुधामुळे हे झालेलं नाही. आईच्या दुधात ज्या अँटीबॉडी असतात त्या मुख्यतः आयजीए जातीच्या, त्या बाळाच्या घशात-आतड्यात काम करतात, तिथून रक्तात जात नाहीत. मी ज्या अँटीबॉडीबद्दल पुढे सांगणार आहे त्या वेगळ्या, त्या जन्माच्या आधीच बाळाकडे गेलेल्या असतात. सासूबाईंनाही हे वाचून दाखवा, त्यांचा हेतू वाईट नसणार, नातू आयसीयूत असताना माणूस कारण शोधतंच.

आता मुख्य मुद्दा. गरोदरपणात, आणि त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, आईच्या रक्तातल्या आयजीजी अँटीबॉडी नाळेतून बाळाकडे जातात. पूर्ण दिवसांच्या बाळात जन्माच्या वेळी त्यांचं प्रमाण आईइतकं किंवा तिच्यापेक्षा थोडं जास्तच असतं. तुम्हाला डेंग्यू होऊन गेलाय म्हणजे तुमच्या बाळाकडे डेंग्यूच्या अँटीबॉडी आलेल्याच होत्या, आणि सासूबाई-मैत्रिणी जे म्हणाल्या ते पहिल्या काही महिन्यांपुरतं खरंच आहे, तेव्हा बाळ बऱ्यापैकी सुरक्षित असतं. पण ह्या अँटीबॉडी बाळाने स्वतः बनवलेल्या नसतात, नव्याने भर पडत नाही, त्यामुळे त्या साधारण दर महिन्याला निम्म्यावर येत जातात. सहा-सात महिन्यांत किती उरतात ते तुम्हीच मोजा, अगदी थोड्या, पण शून्य नाही. आणि नेमकी अडचण ह्या "थोड्या पण शून्य नाही" मध्ये आहे.

अँटीबॉडी भरपूर असतील तर त्या डेंग्यूच्या विषाणूला सगळीकडून झाकून टाकतात आणि तो पेशीत शिरूच शकत नाही. कमी असतील तर विषाणूला चिकटतात खऱ्या, पण त्याला निकामी करायला पुरत नाहीत. आता आपल्या पांढऱ्या पेशींपैकी मोनोसाइट आणि मॅक्रोफेज ह्या पेशींवर अँटीबॉडीची शेपटी पकडणारे रिसेप्टर असतात, त्यांचं कामच ते, अँटीबॉडी लागलेला जंतू दिसला की आत ओढायचा आणि संपवायचा. पण डेंग्यूचा विषाणू नेमका ह्याच पेशींमध्ये वाढतो! म्हणजे सोसायटीतल्या ओळखीच्या माणसाचा हात धरून कोणी आलं तर वॉचमन त्याला रजिस्टरमध्ये सही करायला लावत नाही, तसा हा विषाणू अर्धवट अँटीबॉडीसोबत थेट आत जातो, एरवी जेवढ्या पेशींना लागण झाली असती त्यापेक्षा जास्त पेशींना होते, प्रत्येकीतून नवे विषाणू बाहेर पडतात, आणि मग शरीर जे केमिकल सिग्नल सोडतं त्यांचा पूर येतो. त्या सिग्नलमुळे, आणि विषाणूच्याच एनएस-१ नावाच्या प्रोटीनमुळे, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं. गंभीर डेंग्यू म्हणतात तो हाच.

स्कॉट हॉलस्टेड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६०च्या दशकात बँकॉकमध्ये मुलांच्या केसेस बघताना हे कोडं पकडलं. गंभीर आजारी मुलांचे दोन गट दिसत होते, एक शाळेच्या आसपासच्या वयाची मुलं, त्यांना डेंग्यू दुसऱ्यांदा झालेला, आणि दुसरा गट वर्षाच्या आतली बाळं, त्यांना मात्र पहिल्यांदाच झालेला. दोघांमध्ये सारखं काय, तर दोघांच्याही रक्तात आधीच्या अँटीबॉडी होत्या, मोठ्यांच्या स्वतःच्या आणि बाळांच्या आईकडून आलेल्या. जगभरात आजही तान्ह्या बाळांमधल्या गंभीर केसेस बहुतेक चार ते अकरा महिन्यांमध्येच दिसतात आणि सहा ते आठ महिन्यांच्या आसपास जास्त. तुमचं बाळ सात महिन्यांचं, म्हणजे अगदी त्याच खिडकीत.

मला ह्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की तान्ह्या बाळाच्या शरीराला डेंग्यूची आधीची कुठलीच आठवण नसते. मोठ्या मुलाला दुसऱ्यांदा झाला तर त्याच्या जुन्या टी-पेशी, म्हणजे आधीच्या आजाराची आठवण ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी, चुकीच्या प्रकाराविरुद्ध धावून जातात आणि गोंधळ वाढवतात असं एक स्पष्टीकरण आहे, ते असेलही, पण बाळात तर अशा टी-पेशी नाहीतच, तरी आजार तितकाच गंभीर होतो. म्हणजे नुसत्या उधारीच्या अँटीबॉडी पुरेशा ठरू शकतात. अर्थात प्रत्येक बाळात हे गणित जुळत नाही, फिलिपिन्समध्ये बाळांवर झालेल्या एका अभ्यासात अँटीबॉडीची विषाणूला पेशीत न्यायची क्षमता आणि आजाराचा जोर ह्यांचा थेट संबंध सापडला नव्हता, त्यामुळे विषाणूचा प्रकार, बाळाची ठेवण, इतरही गोष्टी असणार. आणि ह्याच वयात डेंग्यू होऊनही बहुतेक बाळं साध्या तापावर बरी होतात हेही लक्षात असू द्या.

शिवाय बाळाचं अंग मुळातच लहान. किलोला साधारण ८० मिली रक्त धरलं तर सात किलोच्या बाळात सगळं मिळून साडेपाचशे मिलीच्या आसपास रक्त असतं, त्यातलं शंभर मिली पाणी झिरपलं तरी काय होईल बघा. लहान मुलांच्या केशवाहिन्या मोठ्यांपेक्षा मुळातच जास्त झिरपणाऱ्या असतात. म्हणून तुम्हाला आयसीयूत पाठवलं, घाबरवायला नाही, तासातासाला सलाईन मोजून द्यावं लागतं, कमी पडलं तर शॉक आणि जास्त झालं तर छातीत पाणी.

तुमचा अपराध कुठेच नाहीये. तुम्हाला कधी डेंग्यू झाला हे निदान माहीत तरी आहे. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७-१८ च्या देशभरच्या पाहणीत १८ ते ४५ वयाच्या ५६.२ टक्के लोकांच्या रक्तात डेंग्यूच्या अँटीबॉडी सापडल्या, आणि त्यातल्या कित्येकांना आपल्याला कधी झाला होता ह्याचा पत्ताही नसणार कारण बहुतेक वेळा लक्षणंच नसतात. म्हणजे आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त आया तुमच्यासारख्याच.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला होता, आता परत ताप आहे, तिसऱ्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये एनएस-१ पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह आलंय. लॅबवाला म्हणाला आयजीजी म्हणजे जुनं आहे, काळजी नको. एकदा झाला की परत होत नाही ना? – एक वडील, हडपसर

(हे पत्र आलं त्याच दिवशी ह्यांना फोनवर कळवलं होतं, मुलगी ठीक आहे. उत्तर बाकीच्यांसाठी छापतेय.)

परत होतो दादा. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, एकाने आजार झाला की त्या प्रकारापासून वर्षानुवर्षं संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून मात्र काही महिनेच. हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अल्बर्ट सेबिन ह्यांनी, तेच पुढे पोलिओच्या तोंडाने घ्यायच्या डोसामुळे जगाला माहीत झाले, स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवलं होतं. ते काही महिने सरले की जुन्या अँटीबॉडी दुसऱ्या प्रकाराला चिकटतात पण पुरत नाहीत, म्हणजे वर धायरीच्या ताईंना जे सांगितलं तेच परत.

क्युबात हे फार स्पष्ट दिसलं. तिथे १९७७ मध्ये एक नंबरच्या प्रकाराची मोठी साथ आली, सौम्यच होती, लोक बरे झाले. मग १९८१ मध्ये दोन नंबरचा प्रकार आला आणि दहा हजारांच्या वर गंभीर केसेस झाल्या, १५८ माणसं गेली, त्यात १०१ लहान मुलं. आणि ह्यात लक्ष देण्यासारखं म्हणजे वर्ष-दोन वर्षांची मुलं, जी पहिल्या साथीनंतर जन्मलेली आणि आईच्या अँटीबॉडी संपलेली, त्यांच्यात गंभीर केसेस फारच कमी. कोरी पाटी असलेली मुलं वाचली.

निकाराग्वात मानाग्वा शहरातल्या हजारो मुलांचं रक्त दरवर्षी तपासून २०१७ मध्ये जे छापलं गेलं त्यातही हेच, अँटीबॉडी अजिबात नसलेल्या आणि खूप असलेल्या मुलांना धोका कमी, मधल्या पट्ट्यातल्यांना गंभीर आजाराचा धोका कितीतरी पट जास्त. म्हणून "अँटीबॉडी आहेत का" हा प्रश्नच अर्धा आहे, किती आहेत आणि कुठल्या प्रकाराच्या, हे विचारायला हवं.

आता रिपोर्ट. एनएस-१ पॉझिटिव्ह म्हणजे आत्ता डेंग्यू आहे, हा विषय संपला. पहिल्यांदा डेंग्यू झाला असता तर आयजीजी आठवडाभराने वगैरे दिसलं असतं, तिसऱ्याच दिवशी दिसतंय म्हणजे शरीराला जुनी ओळख आहे, हे दुसरं इन्फेक्शन. लॅबवाल्यांचं "जुनं आहे" हे बरोबर पण त्यावरून "काळजी नको" काढणं चूक, उलट जरा जास्त लक्ष ठेवायचं. दुसऱ्यांदा झालेली बहुतेक मुलंही नीट बरी होतात, घाबरून जायचं कारण नाही, फक्त चौथा-पाचवा-सहावा दिवस डोळ्यात तेल घालून काढायचा.

दोन गोष्टी जाता जाता. एनएस-१ पहिल्या चार-पाच दिवसांत बघायचं, नंतर निगेटिव्ह आलं तर डेंग्यू नाही असं होत नाही, तेव्हा आयजीएम, म्हणजे ताज्या इन्फेक्शनमध्ये बनणाऱ्या अँटीबॉडी, बघतात, आपल्या पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत) बनलेलं आयजीएमचं किट सरकारी लॅबमध्ये वापरतात ते ह्यासाठीच. आणि वर्षाच्या आतल्या बाळाचं आयजीजी पॉझिटिव्ह आलं तर ते आईचं असू शकतं, त्यावरून बाळाला आधी होऊन गेला असं कोणी ठरवू नका.

प्रश्न : नातवाचा ताप पाचव्या दिवशी उतरला, आम्ही म्हटलं सुटलो, तर डॉक्टरांनी त्याच दिवशी अॅडमिट करून घेतलं. प्लेटलेट साठ हजार होत्या तरी चढवल्या नाहीत. सुनेने पपईच्या पानांचा रस दिला तर ओकला. नक्की बरोबर कोण? – एक आजी, कोथरूड

आजी, डॉक्टर बरोबर होते. मला ह्या पत्राचा फार आनंद झाला कारण ही चूक घरोघरी होते. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा विषाणू कमी झालेला असतो पण शरीराची प्रतिक्रिया टिपेला असते, आणि रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं ते साधारण ह्याच २४ ते ४८ तासांत. ताप असताना पोर जितकं धोक्यात नसतं तितकं ताप गेल्यावर असू शकतं.

त्या दोन दिवसांत बघायचं काय, तर पोटात जोरात दुखणं, थांबतच नाही अशा उलट्या, नाक-हिरड्यांतून रक्त किंवा काळी शी, हात-पाय गार पडणं, सहा तासांत लघवी न होणं, आणि मूल एकदम मलूल होणं किंवा उगाच चिडचिड करत तळमळणं. बाळ असेल तर दूध ओढत नाही, नेहमीसारखं रडत नाही, हेही त्यात धरा. ह्यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही.

प्लेटलेटचं म्हणाल तर आपल्याकडे सगळं घर त्या एका आकड्याकडे बघत बसतं, व्हॉट्सअॅपवर रक्तगटाचे मेसेज फिरायला लागतात. रक्तस्राव होत नसेल तर नुसता आकडा खाली गेला म्हणून प्लेटलेट चढवून फायदा होत नाही, सिंगापूर आणि मलेशियात मोठ्या माणसांवर झालेल्या चाचणीत, २०१७ मध्ये ती छापून आली, हे दिसलंय, उलट त्रास होऊ शकतो. मुलांचे डॉक्टर जास्त बघतात ते हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, त्याच रिपोर्टमध्ये पीसीव्ही किंवा एचसीटी लिहिलेलं असतं. ते ३४ वरून ४१ वर गेलं म्हणजे वीस टक्के वाढलं, म्हणजे रक्तातलं पाणी बाहेर गेलं आणि रक्त घट्ट झालं. पुढच्या वेळी रिपोर्ट आला की आधी तो आकडा विचारा.

पपईच्या रसाने प्लेटलेट थोड्या लवकर वाढतात असे काही लहान अभ्यास आहेत पण झिरपणं थांबतं असा पुरावा नाही, आणि पोराला कडू रसाने उलटी झाली तर ती रसाची की डेंग्यूची हे कोणालाच कळत नाही, तेव्हा मला तो मुलांना दिलेला आवडत नाही. ओआरएस, पेज, नारळपाणी, ताक, जे पोटात टिकेल ते द्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल, वजनावर डोस, आयब्रुफेन-अॅस्पिरिन घरात असलं तरी हात लावू नका, त्याने रक्तस्राव वाढतो.

प्रश्न : आमच्या शाळेत पालक विचारतात, मुलांना डेंग्यूची लस का देत नाहीत? इतक्या आजारांच्या लसी झाल्या. – एक शिक्षिका, सिंहगड रोड

ह्याचं उत्तर वरच्या सगळ्यातच आहे बाई. बाकी आजारांत थोड्याफार अँटीबॉडी तयार झाल्या तरी फायदाच असतो, इथे चारही प्रकारांविरुद्ध भरपूर आणि टिकणाऱ्या तयार झाल्या पाहिजेत, नाहीतर लसच पहिल्या इन्फेक्शनसारखी वागते. हे कागदावरचं भय नाही. डेंगव्हॅक्सिया ही पहिली लस, फिलिपिन्सने २०१६ मध्ये शाळांमधून आठ लाखांहून जास्त मुलांना द्यायला सुरुवात केली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ती बनवणाऱ्या सनोफी कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झाला नव्हता त्यांना लसीनंतर खरा डेंग्यू झाला तर गंभीर होण्याची शक्यता वाढते. कार्यक्रम बंद पडला, आणि तिथल्या आईबापांचा गोवरासारख्या दुसऱ्या लसींवरचाही विश्वास उडाला, ते नुकसान मला लसीच्या नुकसानाइतकंच मोठं वाटतं.

आपल्या आयसीएमआरच्या पाहणीत ५ ते ८ वयाच्या मुलांपैकी २८.३ टक्क्यांच्याच रक्तात अँटीबॉडी होत्या, म्हणजे बहुतेक लहान मुलांनी डेंग्यू पाहिलेला नाही, त्यामुळे कोऱ्या मुलांमध्ये सुरक्षित असलेलीच लस आपल्याला हवी. टाकेडा कंपनीची दोन डोसांची लस जागतिक आरोग्य संघटनेने जास्त साथ असलेल्या भागांत ६ ते १६ वयासाठी सुचवलीये. आपल्याकडे आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेकची एका डोसाची लस, तिची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली, दहा हजारांवर मोठ्या माणसांवर, आणि पुण्यातली सिरमही एका लसीवर काम करतेय. सहा-सात महिन्यांच्या बाळांसाठी मात्र ह्यातली एकही नाही. पालकांना सांगा की उशीर होतोय तो आळसाने नाही.

प्रश्न : मी पाच महिन्यांची गरोदर आहे, जानेवारीची तारीख आहे. मला कॉलेजमध्ये असताना डेंग्यू झाला होता. आत्तापासून काही करता येईल का? – वाकड

हा प्रश्न वेळेवर विचारलात. जानेवारीत जन्मलेलं बाळ जुलै-ऑगस्टमध्ये सहा-सात महिन्यांचं होणार, म्हणजे पुण्यात डास वाढायची वेळ आणि तुमच्या अँटीबॉडी उतरणीला लागायची वेळ एकच. औषध किंवा टेस्ट काही नको. आत्ता स्वतःला डास चावू देऊ नका, बाळंतपणाच्या आसपास डेंग्यू झाला तर विषाणू बाळाकडे जाऊ शकतो, आणि ताप आलाच तर तुमच्या डॉक्टरांना लगेच कळवा.

बाळ आल्यावर मच्छरदाणी दिवसाच्या झोपेलाही लावा, हा डास दिवसा चावतो आणि आपल्याकडे मच्छरदाणी रात्रीच निघते. अंगाला लावायचं डासांचं क्रीम दोन महिन्यांच्या आत नाही, नंतरही डॉक्टरांना विचारून. जून लागायच्या आत बाल्कनीतल्या कुंड्यांच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, टँकरचं पाणी साठवायचे ड्रम, सगळं रिकामं करून आतून ब्रशने घासा, नुसतं ओतून टाकलं तर पाण्याच्या रेषेवर चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोन्महिने जगतात आणि पहिल्या पावसाच्या पाण्यात फुटतात. शेजारी बांधकाम चालू असेल तर स्लॅबवर साठवलेल्या पाण्याबद्दल सोसायटीमार्फत बोला, ऐकलं नाही तर महापालिकेच्या कीटक विभागात तक्रार करा, दंड होतो.

आणि पावसाळ्यात बाळाला ताप आला तर दुसऱ्या दिवसाच्या आत दाखवा, आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा की मला डेंग्यू होऊन गेलाय. फाईलवर ते लिहून घ्यायला लावा.